१८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही संख्या मूळ आहे का? गव्हाचे दाणे मांडून दिलेलं उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात. इथेच इंदूरला एका ताईंची मुलगी अकरावीत आहे, तिला कुणीतरी कोडं घातलं की बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४ असं दुप्पट दुप्पट करत गेलं तर ६४ घरांत मिळून १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दाणे होतात, तर आता सांग ही संख्या मूळ आहे का, नसेल तर अवयव काढ, आणि हिला एकूण विभाजक किती. कॅल्क्युलेटरने हात टेकले, एक्सेलने भलतंच काहीतरी दाखवलं, आणि ताई विचारतायत की एवढ्या २० अंकी संख्येला हाताने हात तरी कुठून घालायचा, का हे कॉम्प्युटरचंच काम आहे.

ताई, हाताने होतं. मूळ नाहीये ती, सात अवयव आहेत, त्यातले पाच तर चहा निवायच्या आत निघतात, शेवटच्या दोघांना जरा कागद लागतो.

मी २७ वर्षं गणित शिकवतोय, मधली चार वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली (त्याचा एक फजितीचा किस्सा पुढे आहे), आणि दरवर्षी तेच बघतो. मोठी संख्या दिसली की पोरं दोनने भाग, तीनने भाग, सातने भाग असं सुरू करतात. इथे वर्गमूळापर्यंत जायचं म्हटलं तर जवळपास ४२९ कोटींपर्यंत भागत बसायचं, सेकंदाला एक भागाकार केला, जेवण नाही झोप नाही, तरी १३६ वर्षं. म्हणून माझ्या क्लासमध्ये पहिला प्रश्न हाच असतो की ही संख्या बनली कुठून. किती मोठी आहे ते नंतर बघू. ही दुप्पट करत करत बनलीय, आणि तीच गोष्ट तिचं सगळं पोट उघडं करते.

वाचता तरी येते का बघा आधी. १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भास्कराचार्यांनी लीलावतीत (साल ११५०) एक, दश, शत, सहस्र करत अठरा स्थानांची नावं दिलीत, शेवटचं परार्ध, म्हणजे १ वर १७ शून्यं. आपली संख्या २० अंकी, म्हणजे ती यादीसुद्धा दोन घरं कमी पडते, १८४ परार्ध आणि वर काही असं म्हणावं लागतं. शाळेत कोटीच्या पुढे गाडी जात नाही आपली, असो.

सोप्या कसोट्या लावून घेऊ. शेवटी ५ आहे म्हणजे ५ ने भाग जातो, शेवटचे दोन अंक १५ म्हणून २५ ने नाही. अंकांची बेरीज ८७, ती ३ ने भागली जाते, ९ ने नाही. म्हणजे ३ एकदाच, ५ एकदाच. (८ + ७ = १५, १ + ५ = ६, म्हणून ६ लकी वगैरे जे लोक सांगतात ते सोडून द्या, त्याचा या कामाशी काही संबंध नाही.) पण कसोट्यांनी इथवरच जाता येतं, १७ किंवा २५७ ची कसोटी कुणाला पाठ असते?

आता पट काढा. खरंच काढा, मागच्या रविवारी मी राजेंद्र नगरला घरी पोरांबरोबर हेच केलं, डायनिंग टेबलवर पट आणि डब्यातला मूठभर गहू, आतून आवाज आला की पोळ्यांचा गहू आहे तो, परत डब्यात गेला पाहिजे. पहिल्या दोन घरांत १ आणि २, झाले ३. पुढच्या दोन घरांत ४ आणि ८. इथे थांबायचं. हे ४ आणि ८ म्हणजे आधीच्या १ आणि २ ची चौपट आहे ना? म्हणजे पहिल्या दोन घरांत जेवढे, त्याच्या चौपट पुढच्या दोन घरांत, तर चार घरांत मिळून पाचपट. ३ × ५ = १५. मोजा हवं तर.

आता चार घरं हा एक गठ्ठा धरा. पुढच्या चार घरांत १६, ३२, ६४, १२८, म्हणजे पहिल्या गठ्ठ्याच्या बरोबर १६ पट. मिळून १७ पट. १५ × १७ = २५५. ही पहिली ओळ संपली. आठव्या घरात १२८ दाणे मावत नाहीत, ते शेजारच्या घरात सांडतात, तिथे एका मुलाने वाटी ठेवली. इथून पुढे दाणे नको, डोक्यानेच. दुसरी ओळ पहिलीच्या २५६ पट, दोन्ही मिळून २५७ पट, २५५ × २५७ = ६५५३५. पुढच्या दोन ओळी या दोनांच्या ६५५३६ पट, मिळून ६५५३७ पट, आणि अर्ध्या पटावर झाले ४२९४९६७२९५. खालचा अर्धा पट वरच्याच्या ४२९४९६७२९६ पट, मिळून एक जास्त, म्हणजे ४२९४९६७२९७ पट. झाली की आपली संख्या!

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

शाळेत क्ष वर्ग वजा १ बरोबर (क्ष − १)(क्ष + १) असं घोकलं ना, तेच आहे हे, फक्त सूत्र गव्हात मांडलं. एकूण दाणे २^६४ − १ (वर छोटा आकडा लिहिता येत नाही म्हणून टोपी लावतोय, २^६४ म्हणजे २ चा ६४ वा घात), आणि प्रत्येक वेळी घातांक अर्धा होत जातो, ६४, ३२, १६, ८, ४, २. ६४ हा स्वतः दोनचाच घात असल्यामुळे अर्धं करणं कुठे अडत नाही. पट ८ × ८ ऐवजी ७ × ७ असता तर ही मजा आली नसती, ४९ ला एकदाही अर्धं करता येत नाही.

वजनाचं पण सांगून टाकतो, कारण पोरांना तेच आवडतं. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅम धरला तर अर्धा पट भरायला जवळपास १७२ टन, म्हणजे १७२० क्विंटल. आपल्या इंदूरच्या छावनी धान्य मंडीत गेलात तर एखादा व्यापारी म्हणेल भिया, माल मिळून जाईल, ट्रक बोलवा. आणि पूर्ण पट? जगात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो, त्या हिशोबाने ९०० वर्षांहून जास्त पीक. वरचा अर्धा मंडीत मावतो आणि खालच्या अर्ध्याला सगळी पृथ्वी पुरत नाही.

आता मुद्द्याचं. हे सहा तुकडे मूळ आहेत का? ३, ५, १७ तर दिसतंच. २५७ चं वर्गमूळ १६ च्या किंचित वर, म्हणून ३, ५, ७, ११, १३ ने बघायचं, कुणीच जात नाही, मूळ. ६५५३७ ला हीच पद्धत लावली तर २५६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लागतील, पन्नासेक भागाकार, कंटाळा येतो. पण इथे एक शॉर्टकट आहे आणि तो मला अख्ख्या विषयात सगळ्यात जास्त आवडतो.

या प्रत्येक तुकड्याचा साचा एकच आहे, दोनचा घात अधिक १, आणि घातांकही दोनचाच घात. यांना फर्मा संख्या म्हणतात. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये असा अंदाज मांडला की अशा सगळ्या संख्या मूळच असतात. माणूस मोठा होता पण इथे चुकला. अशा संख्येला भागणारी मूळ संख्या वाटेल ती असू शकत नाही, तिलाही साचा असतो. ६५५३७ म्हणजे २^१६ + १ असेल तर भाजक ६४ च्या पाढ्यातल्या संख्येत १ मिळवून येणाराच हवा. २^३२ + १ असेल तर १२८ च्या पाढ्यात १ मिळवून. कारण थोडक्यात असं की त्या भाजकाने २, ४, ८, १६ यांना भागत गेलात की बाक्या फिरून फिरून परत येतात, २^३२ + १ च्या भाजकासाठी तो फेरा बरोबर ६४ पावलांचा पडतो, आणि फेऱ्याची लांबी नेहमी भाजक वजा १ ला भागते. म्हणजे भाजक ६४ च्या पाढ्यात अधिक १ तर झालाच. ६४ चे १२८ कसे झाले ते ल्युका या गणितज्ञाने १८७८ मध्ये दाखवलं, ते इथे लिहीत बसत नाही, अकरावीत नसतं ते.

लावून बघा. ६५५३७ साठी २५६ च्या आतले उमेदवार: ६५, १२९, १९३. ६५ आणि १२९ स्वतःच मूळ नाहीत, उरला एकटा १९३. १९३ × ३३९ = ६५४२७, बाकी ११०. संपलं, ६५५३७ मूळ. पन्नास भागाकारांचा एक भागाकार झाला.

आता मोठा तुकडा, ४२९४९६७२९७. उमेदवार १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१... यातले मूळ फक्त २५७ आणि ६४१. २५७ आपल्या यादीत आधीच आहे, आणि दोन वेगळ्या फर्मा संख्यांना १ सोडून सामाईक भाजक नसतो म्हणून तो बाद. मग ६४१. भागा. ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७, बाकी शून्य! फर्माचा अंदाज इथेच पडला, ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये पाडला. त्याच्याकडे ल्युकाची सुधारणा नव्हती, ६४ चाच पाढा होता, तरी त्या पाढ्यातल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा, म्हणजे पाचव्यालाच सापडतो. मला नेहमी वाटतं की फर्माने एक संध्याकाळ बसून भागायला हवं होतं, बास.

कुणाला भागाकारावर भरवसा नसेल तर न भागताही दाखवता येतं आणि हे लेकीला जरूर दाखवा. ६४१ दोन तऱ्हेने लिहा. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ला ६४१ ने भागलं की बाकी −१ म्हणता येते. दोन्हीकडे चौथा घात घ्या, ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ चालतं. ठेवा तिथे, −२^३२ ची बाकी १. म्हणजे २^३२ + १ ची बाकी शून्य. तीन ओळी. वर्गात हे लिहिलं की मागच्या बाकावरचा एखादा तरी "सर परत एकदा" म्हणतोच, आणि मी परत एकदा सांगतो, कारण मलाच ऐकायचं असतं.

उरला ६७००४१७. त्याचं वर्गमूळ २५८८ च्या पुढे थोडं, आणि त्याला कुणी भागत असेल तर तो मोठ्या तुकड्यालाही भागणारच, म्हणून साचा तोच, १२८ च्या पाढ्यात १. २५८८ पर्यंत असे वीस आकडे येतात, त्यातले मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. पाच भागाकार, बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे ६७००४१७ मूळ. वहीत करून ताळा घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका.

तर पूर्ण उत्तर: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात मूळ अवयव, सगळे वेगळे, कुणीही दोनदा नाही. विभाजक किती हे आता तोंडी सांगता येतं. प्रत्येक विभाजक बनवताना सातांपैकी हरेक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, प्रत्येकाला दोन पर्याय, दोनचा सातवा घात १२८. १ आणि ती स्वतः धरून. आठव्या घरातले दाणे जितके तितकेच विभाजक आले, हा निव्वळ योगायोग आहे, पण पोरं खूश होतात. शेजारची २^६४ एका दाण्याने मोठी, पण तिला विभाजक फक्त ६५, आणि १ सोडला तर सगळे समच.

एक जोड. यातल्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचच फर्मा मूळ संख्या आजपर्यंत सापडल्यात. गाउस या गणितज्ञाने १७९६ मध्ये १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती नुसती पट्टी आणि कंपास घेऊन काढता येते हे दाखवलं, तेव्हा तो अजून १९ चा पण नव्हता. या पाचांचा गुणाकार म्हणजे अर्ध्या पटावरचे दाणे, ४२९४९६७२९५, आणि पट्टी-कंपासने काढता येणारी विषम बाजूंची सगळ्यात मोठी माहीत असलेली आकृती नेमकी तेवढ्याच बाजूंची. पूर्ण पटाएवढ्या बाजूंची निघत नाही, ६४१ आडवा येतो. आणि ६५५३७ तर तुमच्या फोनमध्ये रोज आहे, बँकेची साईट उघडली की जे सुरक्षेचं कुलूप लागतं त्याच्या आरएसए (माहिती गुप्त ठेवायची एक पद्धत) चावीत घातांक म्हणून सर्रास हाच वापरतात. मूळ आहे, आणि द्विमानात (म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं तर) फक्त दोन १, मधे पंधरा शून्यं, म्हणून गणित पटकन होतं.

आता एक्सेलने काय घोळ घातला ते. एक्सेल फक्त १५ अंक धरतं, पुढचे टाईप केले की शून्य करतं, म्हणून तुम्हाला १८४४६७४४०७३७०९५००००० दिसलं असेल. ती वेगळीच संख्या आहे, तिला २ ने पण भाग जातो, १०० ने पण. तिच्यावर कुठलीही कसोटी लावू नका. माझी फजिती अशीच. सॉफ्टवेअरमध्ये असताना अवयव काढायचा एक छोटा प्रोग्राम लिहिला, संख्या दशांश प्रकारात साठवली, आणि त्याने उत्तर दिलं: चौसष्ट वेळा २. मी अर्धा दिवस लूप तपासत बसलो. लूप बरोबर होता, मशीनने संख्या साठवतानाच १६१५ चं १६१६ करून टाकलं होतं, कारण त्या प्रकारात जवळची बसणारी संख्या तीच. दाणा एकच वाढला आणि सगळे विषम अवयव गेले. तेव्हापासून मोठी संख्या आली की पहिल्यांदा तिचा शेवटचा अंक छापून बघतो. पायथनमध्ये पूर्णांक म्हणून ठेवलीत तर काही त्रास नाही, तिथे अंक कितीही चालतात. आणि सीसारख्या भाषेत ६४ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) बिनचिन्ह, म्हणजे वजा संख्या न ठेवणाऱ्या, खान्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच, चौसष्टच्या चौसष्ट १. तिच्यात १ मिळवला की शून्य, जुन्या स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर फिरून ००००० व्हायचा तसं.

राहिला ताईंचा शेवटचा प्रश्न, हे कॉम्प्युटरचंच काम आहे का. त्या ढिगात फक्त दोन दाणे आणखी टाका. २^६४ + १, १८४४६७४४०७३७०९५५१६१७. दिसायला जुळी बहीण, पण हिला अर्धं करायची सोयच नाही, वजा १ चं सूत्र अधिक १ ला चालत नाही. १७३२ मध्ये ऑयलरने आधीची फोडली, ही त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं तशीच राहिली, मग १८८० मध्ये लँड्री नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी वयाच्या ८२ व्या वर्षी फोडली, २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. तेव्हा कॉम्प्युटर कुठला. आपला साचा इथेही लागतो, फक्त पाढा २५६ चा, आणि २७४१७७ हा त्या पाढ्यातल्या १०७१ व्या आकड्यात १ मिळवून येतो. लेकीला सुट्टीत वेळ असेल तर पाढा सुरू करू दे, मूळ नसलेले वगळले की १०७१ पेक्षा खूपच कमी उरतात.